प्लेसमेंट, पण नोकरीची नव्हे!

आपल्या कॉलेजात ‘प्लेसमेंट’ हा शब्द कॅन्टीनमध्ये कुणी नुसता पुटपुटला तरी चहाचे ग्लास खाली ठेवून चार टेबलांवरची मंडळी कान टवकारतात. कुठली कंपनी? पॅकेज किती? क्रायटेरिया काय? अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजात हाच शब्द उच्चारला तर कुणाला नोकरी आठवत नाही. तिथे प्लेसमेंट म्हणजे नव्याने आलेल्या मुलाला इंग्रजीच्या आणि गणिताच्या कोणत्या वर्गात बसवायचं याचा निर्णय. ऐकायला अगदी ऑफिसातल्या क्लार्कचं काम वाटतं. पण लाखो मुलांचं शिक्षण पुरं होणार की मध्येच सुटणार, हे या एका निर्णयावर ठरत आलेलं आहे. आणि या निर्णयाविरुद्ध वर्षानुवर्षं लिहिणाऱ्या, भांडणाऱ्या लोकांत इंग्रजीच्या शिक्षकांची एक संघटना आहे. तिचं नाव टू-इयर कॉलेज इंग्लिश असोसिएशन. आद्याक्षरं जोडून तिला सगळे ‘टायका’ म्हणतात.

इंजिनिअरिंगच्या मासिकात इंग्रजीच्या मास्तरांचं काय काम, असं कुणी विचारेल. सांगतो. माझी आतेबहीण पुण्यातून इंग्रजीत एम.ए. झाली, लग्न होऊन न्यू जर्सीला गेली आणि काही वर्षांनी वर्क परमिट हातात पडल्यावर तिथल्या दोन कम्युनिटी कॉलेजांत पार्टटाइम शिकवायला लागली. तिच्याशी फोनवर बोलताना हे प्रकरण तुकड्या-तुकड्याने कानावर आलं, मग तिने पाठवलेलं आणि नेटवर सापडलेलं वाचत गेलो. दुसरं कारण माझं स्वतःचं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग डिप्लोमा, मग डायरेक्ट सेकंड इयर. वर्गात ‘डिप्लोमावाले’ नावाची जी जमात मागच्या बाकांवर बसते तिचा मी अधिकृत सभासद! त्यामुळे मधल्या दारातून आत आलेल्या मुलांचा विषय निघाला की मला जरा जास्तच रस वाटतो.

आधी कम्युनिटी कॉलेज म्हणजे काय ते बघू. बारावीनंतरचं, दोन वर्षांचं, बहुतेक ठिकाणी सरकारी पैशावर चालणारं, घराजवळचं आणि स्वस्त कॉलेज. इथून दोन वाटा फुटतात. नर्सिंग, वेल्डिंग, गाड्यांची दुरुस्ती, अकाउंट्स असं काहीतरी शिकून थेट कामाला लागायचं, नाहीतर दोन वर्षं इथे काढून विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला जायचं. म्हणजे आपल्या डिप्लोमा-टू-डिग्रीचा थोरला चुलतभाऊच म्हणा ना. सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी की इथे प्रवेश सगळ्यांना. शाळा पूर्ण केल्याचा दाखला असला की झालं. सीईटी नाही, कॅप राउंड नाही, कट-ऑफ नाही.

पहिलं सरकारी दोन वर्षांचं कॉलेज इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावात १९०१ साली सुरू झालं. शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर आणि जोलिएटच्या हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांची ती कल्पना. पहिल्या तुकडीत विद्यार्थी किती? सहा! पुढे १९४४ च्या जी.आय. बिल कायद्याने महायुद्धावरून परतणाऱ्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला, आणि १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगाने अशी कॉलेजं देशभर काढा अशी शिफारस केली. साठच्या दशकात तर ती पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. आज ती हजारच्या आसपास आहेत. अमेरिकेतल्या पदवीपूर्व विद्यार्थ्यांतला फार मोठा हिस्सा इथेच शिकतो.

दार उघडं ठेवलं की आत कोण कोण येतं? ताईच्या एका वर्गात म्हणे अठरा वर्षांचा पोरगा आणि कारखाना बंद पडल्यामुळे पंचेचाळिसाव्या वर्षी पुन्हा दप्तर घेतलेला माणूस शेजारी शेजारी बसतात. कुणी रात्रपाळी करून सकाळच्या लेक्चरला येतं, कुणी लेकराला आईकडे सोडून. एल साल्वादोर, हैती, गुजरात, फिलिपाइन्स, सगळीकडचे लोक. एच-फोर व्हिसावर गेलेल्या आपल्याकडच्या कितीतरी जणी इथल्या इंग्रजीच्या वर्गांतून गेलेल्या आहेत. आणि यांतल्या बहुतेकांना, पुढे नर्स व्हायचं असो की इंजिनिअर, पहिल्या वर्षी एक विषय चुकत नाही. तो म्हणजे कॉम्पोझिशन, साध्या मराठीत सांगायचं तर लिहायला शिकणं.

हे ऐकून आपल्या एफ.ई.च्या ‘कम्युनिकेशन स्किल्स’ची आठवण येईल, पण तुलना फसवी आहे. आपल्याकडे लेटर रायटिंगचा फॉरमॅट पाठ केला की आठ मार्क खिशात. तिथे विद्यार्थ्याने एखादा प्रश्न घ्यायचा, वाचायचं, स्वतःचं म्हणणं ठरवायचं, पुरावे द्यायचे, कुणाचं काय घेतलं ते सांगायचं आणि एकच निबंध दोन-तीनदा नव्याने लिहायचा. आधीच्या ड्राफ्टवर शिक्षकाने शेरे लिहायचे, मुलाने ते वाचून बदल करायचे. आता जरा कॅल्क्युलेटर काढा. पूर्णवेळ शिक्षकाला एका सेमिस्टरला पाच वर्ग असणं या कॉलेजांत अगदी नेहमीचं. एका वर्गात २५ धरले तर १२५ विद्यार्थी. प्रत्येकाचे पाच निबंध म्हणजे ६२५. एका निबंधाला २० मिनिटं धरली तर १२,५०० मिनिटं, म्हणजे २०८ तास नुसतं तपासणं. लेक्चर, तयारी, मीटिंगा वेगळ्या. आणि दुसरा ड्राफ्ट मी मोजलेलाच नाही.

मी ताईला विचारलं होतं, “ताई, चुकांवर लाल पेनाने खुणाच करायच्या ना, त्याला वीस मिनिटं कशाला लागतात?”

“अरे, लाल पेन चालवायला दोन मिनिटं पुरतात,” ती म्हणाली. “पोराला नेमकं काय म्हणायचंय हे कळायला उरलेली अठरा लागतात.”

आता संघटनेकडे. अमेरिकेत इंग्रजीच्या शिक्षकांची मोठी संघटना आहे नॅशनल कौन्सिल ऑफ टीचर्स ऑफ इंग्लिश, स्थापना १९११, शिकागो. तिच्या पोटातून १९४९ मध्ये कॉलेजात लेखन शिकवणाऱ्यांची वेगळी परिषद निघाली, कॉन्फरन्स ऑन कॉलेज कॉम्पोझिशन अँड कम्युनिकेशन. चार ‘सी’ आहेत म्हणून तिला लाडाने ‘फोर सीज’ म्हणतात. पण तिथेही वजन विद्यापीठातल्या प्राध्यापकांचं. विद्यापीठातला प्राध्यापक सेमिस्टरला दोन वर्ग घेणार, उरलेल्या वेळात संशोधन करणार आणि परिषदेत पेपर वाचणार. पाच वर्ग घेणाऱ्याने तो पेपर ऐकून परत जाऊन करायचं काय? दुखणं वेगळं, तर डॉक्टरही वेगळा हवा.

१९६५ साली ॲरिझोनातल्या टेंपी इथे दोन वर्षांच्या कॉलेजांतल्या इंग्रजीवर एक परिषद भरली आणि त्या सुमारास देशाच्या वेगवेगळ्या भागांत या शिक्षकांचे प्रादेशिक मेळावे सुरू झाले. प्रादेशिक का, तर लांबच्या परिषदेला जायला यांच्याकडे ना पैसे, ना रजा! ही गोष्ट मला फार बोलकी वाटते. बऱ्याच संघटना आधी राजधानीत स्थापन होतात आणि मग जिल्ह्यात शाखा काढतात. इथे शाखा आधी उगवल्या आणि खोड नंतर आलं. १९७४ मध्ये ‘टीचिंग इंग्लिश इन द टू-इयर कॉलेज’ नावाचं नियतकालिक निघालं, ते आजही निघतं. आणि सगळे प्रादेशिक गट एका छत्राखाली आणणारी राष्ट्रीय संघटना, म्हणजे टायका, झाली ती थेट १९९६ मध्ये. तिचे सात विभाग आहेत. ताईचं न्यू जर्सी ‘नॉर्थईस्ट’मध्ये येतं. टायकाची स्वतःची पहिली राष्ट्रीय परिषद तर २०१९ मध्ये पिट्सबर्गला झाली. जोलिएटच्या सहा विद्यार्थ्यांनंतर ११८ वर्षांनी. आपल्याकडचं स्टाफरूमचं राजकारण बघता हा वेग मला काही फार कमी वाटत नाही.

त्या नियतकालिकात एक सदर आहे, ‘व्हॉट वर्क्स फॉर मी’. म्हणजे ‘मला हे जमलं, तुम्हीही करून बघा’. पानभर, दीड पान मजकूर. मोठमोठ्या थिअऱ्या नाहीत. गट कसे पाडले, लाजणाऱ्या मुलाला बोलतं कसं केलं, शेरे लिहिण्याचा वेळ कसा वाचवला. थोडक्यात, वर्कशॉपमधले मामा आपल्याला फायलिंग करताना जी युक्ती कानात सांगतात ना, ती छापून आलेली. ज्या कॉलेजात इंग्रजीचे शिक्षक मोजकेच असतात तिथल्या माणसाला याचं किती मोल असेल याची कल्पना मला डिप्लोमाच्या अनुभवावरून येते. आमच्या पॉलिटेक्निकमध्ये सायन्स अँड ह्युमॅनिटीज विभागात फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्सचे सर-मॅडम आणि त्यांच्यात इंग्रजीच्या एकट्या मॅडम. त्यांनी आपली शिकवण्याची अडचण कुणाशी बोलायची? केमिस्ट्रीच्या सरांशी?

आपल्या ब्रँचच्या लोकांना आवडेल असं एक नाव या वर्तुळात आहे, नेल ॲन पिकेट. मिसिसिपीच्या हाइन्ड्स कम्युनिटी कॉलेजमधल्या या बाईंनी ॲन लास्टर यांच्यासोबत ‘टेक्निकल इंग्लिश’ हे पाठ्यपुस्तक लिहिलं. यंत्राचं वर्णन कसं लिहावं, सूचना क्रमाने कशा द्याव्यात, रिपोर्ट कसा मांडावा, म्हणजे आपण सबमिशनच्या आदल्या रात्री सिनियरच्या जर्नलवरून जे उतरवतो ते सगळं. त्या नियतकालिकाच्या संपादक होत्या, फोर सीजच्याही अध्यक्ष झाल्या. आज टायकाचा सेवेबद्दलचा पुरस्कार त्यांच्या नावाने आहे.

आता मूळ मुद्द्यावर, म्हणजे प्लेसमेंटवर येऊ.

सगळ्यांना प्रवेश दिला तर वर्गात लेखनाची तयारी असलेली आणि नसलेली, दोन्ही मुलं येणार. यावर कॉलेजांनी काढलेला तोडगा असा: प्रवेश घेतला की कॉम्प्युटरवर एक परीक्षा. बहुतेक प्रश्न पर्याय निवडायचे. कंपास आणि ॲक्युप्लेसर या दोन परीक्षा सगळ्यात जास्त चालायच्या. ठराविक मार्कांच्या वर असाल तर थेट कॉलेजचं इंग्रजी, खाली असाल तर ‘डेव्हलपमेंटल’ म्हणजे पूर्वतयारीचा वर्ग. फारच खाली असाल तर असे दोन किंवा तीन वर्ग, एकामागून एक. या वर्गांची फी भरायची, सेमिस्टर घालवायचं, पण त्याचे क्रेडिट पदवीत धरत नाहीत! म्हणजे केटी न लागताच केटीची फी. शिवाय अनेक मुलांना या परीक्षेत एवढं काही पणाला लागलेलं आहे हे ठाऊकच नसायचं. ‘नुसतं लेव्हल बघायला आहे हो’ असं ऐकून, कामावर जायच्या घाईत, पटापट क्लिक करून मोकळे.

आणि या परीक्षेचं मोजमाप तरी कितपत बरोबर? कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमध्ये कम्युनिटी कॉलेजांवर संशोधन करणारं एक केंद्र आहे. तिथल्या जुडिथ स्कॉट-क्लेटन आणि सहकाऱ्यांनी २०१२ ते २०१४ च्या दरम्यान जे निष्कर्ष मांडले त्यांनी खळबळ उडाली. गणितात साधारण चारांतला एक आणि इंग्रजीत साधारण तिघांतला एक विद्यार्थी ढळढळीत चुकीच्या वर्गात टाकला जात होता. त्यातही जास्त संख्या कुणाची, तर ज्यांना वरचा वर्ग सहज झेपला असता पण खाली बसवलं त्यांची. परीक्षेपेक्षा शाळेतल्या चार वर्षांचे मार्क बघितले असते तर अंदाज जास्त बरोबर आला असता. क्वालिटी कंट्रोलचा पेपर देऊन आलेल्यांना हे लगेच कळेल. इन्स्पेक्शनमध्ये दोन चुका होतात. खराब माल पास होतो किंवा चांगला माल रिजेक्ट होतो. खराब पास झाला तर गिऱ्हाईक येऊन बोंब मारतं. चांगला रिजेक्ट झाला तर भंगारात जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. प्लेसमेंट परीक्षेतली दुसऱ्या जातीची चूक अशीच वर्षानुवर्षं गपचूप भंगारात गेली.

हे वाचलं तेव्हा मला डिप्लोमापासूनचा माझा एक मित्र आठवला. हातात असा की गिअरबॉक्स डोळे मिटून जोडेल. कॅम्पसला आलेल्या एका कंपनीच्या ऑनलाइन टेस्टमध्ये व्हर्बलच्या सेक्शनला तो उडाला, टेक्निकल इंटरव्ह्यूपर्यंत पोचलाच नाही. वीस मिनिटांत समानार्थी शब्द ओळखणं आणि यंत्र ओळखणं यांचा संबंध त्या कंपनीला ठाऊक असेल. मला नाही.

वर्ग एकामागून एक ठेवले की काय होतं ते बघायला रिलायबिलिटीचं एक उदाहरण करू. आकडे समजण्यापुरते, मी घेतलेले. समजा दोन पूर्वतयारीचे वर्ग आणि मग मुख्य इंग्रजी, अशा तीन पायऱ्या. प्रत्येक पायरीवर ७५ टक्के पास होतात, आणि पास झालेल्यांपैकी ८० टक्के पुढच्या सेमिस्टरला नाव घालतात. बाकीच्यांचं काहीतरी निघतं. नोकरीची पाळी बदलते, गाडी बिघडते, मूल आजारी पडतं. सिरीज सिस्टिम असल्यामुळे सगळे गुणायचे: ०.७५ × ०.८ × ०.७५ × ०.८ × ०.७५. उत्तर ०.२७. शंभरातले २७! आता शिक्षकांनी जिवाचं रान करून प्रत्येक पायरीवर पास होणारे ८५ टक्क्यांवर नेले तरी उत्तर ३९ च्या पुढे जात नाही. उलट सगळ्यांना थेट शेवटच्या पायरीवर बसवलं आणि तिथे फक्त ६० टक्केच पास झाले, तरी ६०. दोष कुठल्याच एका पार्टमध्ये नाही, असेंब्लीत आहे.

हे गणित ओळखून मेरीलँड राज्यातल्या कम्युनिटी कॉलेज ऑफ बाल्टिमोर काउंटीमध्ये पीटर ॲडम्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये एक वेगळी रचना केली. नाव ॲक्सिलरेटेड लर्निंग प्रोग्रॅम. पूर्वतयारीच्या वर्गात जायला सांगितलेल्या आठ-दहा मुलांना थेट मुख्य इंग्रजीच्या वर्गात बसवायचं, बाकी मुलांबरोबर. आणि तो तास संपला की त्याच शिक्षकाने फक्त या आठ-दहा जणांचा आणखी एक तास घ्यायचा. बस्, एवढंच. पण यातून किती गोष्टी सुटल्या बघा. गळून पडायच्या जागा कमी झाल्या. क्रेडिट पहिल्याच सेमिस्टरला मिळालं. दुसऱ्या तासाला काय शिकवायचं हे शिक्षकाला अभ्यासक्रम सांगत नाही, पहिल्या तासात कोण कुठे अडलं ते सांगतं. आणि मूल ‘ढ तुकडी’त नाही, सगळ्यांच्यात बसतं. कोलंबियाच्या त्याच केंद्राने हा प्रयोग तपासला, तेव्हा ही मुलं जुन्या पद्धतीच्या मुलांपेक्षा मुख्य इंग्रजी आणि त्यापुढचाही विषय लक्षणीय जास्त प्रमाणात पास होताना दिसली. ही रचना मग राज्याराज्यांत पसरली, ती बरीचशी असल्याच परिषदा आणि नियतकालिकांच्या वाटेने.

टायकाने २०१६ मध्ये प्लेसमेंटवर एक श्वेतपत्रिका काढली. तिचा मथितार्थ असा की एकाच परीक्षेवर मुलाचं भवितव्य टांगू नका. शाळेचे मार्क, मुलाने लिहिलेलं काही, त्याचं स्वतःचं मत, असं अनेक बाजूंनी बघा. निर्णय करताना तिथे प्रत्यक्ष शिकवणाऱ्या शिक्षकाला घ्या. आणि पद्धत कुठलीही असो, ती गोऱ्या-काळ्या, श्रीमंत-गरीब, स्थानिक-स्थलांतरित अशा सगळ्यांना सारखीच न्याय देते का हे तपासत राहा. त्यात एक प्रकार मला फार आवडला. मुलाला दोन्ही वर्गांत काय असतं ते नीट समजावून द्यायचं, नमुने दाखवायचे, आणि मग त्यानेच ठरवायचं की मी कुठे बसू. आपल्याकडे असा पर्याय दिला तर काय होईल? मला वाटतं, बरेचजण वाटतं त्यापेक्षा प्रामाणिक निघतील. असो. त्याच वर्षी कंपास परीक्षा ती काढणाऱ्या एसीटी संस्थेने स्वतःहून बंद केली.

पण इथे गोष्ट ‘आणि सगळे सुखाने नांदू लागले’ अशी संपत नाही. फ्लोरिडाने २०१३ मध्ये कायदाच केला की सरकारी शाळेतून अलीकडे पास झालेल्यांना प्लेसमेंट परीक्षेची आणि पूर्वतयारीच्या वर्गाची सक्ती नाही. कॅलिफोर्नियाने २०१७ मध्ये एबी ७०५ नावाचा कायदा केला आणि २०१९ पासून बहुतेक मुलं थेट मुख्य वर्गात जाऊ लागली. तिथे पहिल्याच वर्षात इंग्रजी सुटणाऱ्यांची संख्या चांगलीच वाढली. पण एवढी मुलं थेट आत आल्यावर त्या वर्गात नापास होणारेही वाढले. त्यांचं काय करायचं यावर तिथे अजून जोरात वाद चालतात. टायकाची भूमिका या वादात दोन्हीकडून बोलणी खाणारी आहे. सुधारणा हव्यातच, पण आमदारांनी वरून हुकूम काढायचा आणि वर्गात उभ्या असलेल्या माणसाला शेवटी कळवायचं, हे चालणार नाही, असं ती म्हणते. ज्या मुलांना खरंच जास्त वेळ लागतो, म्हणजे ज्यांची शाळा तीस वर्षांपूर्वी सुटली किंवा ज्यांचं इंग्रजी तिसऱ्या देशात जाऊन सुरू झालं, त्यांच्या पायाखालची पायरीच काढून घेतली जाऊ नये हीही काळजी तिच्या लिखाणात दिसते. मला ही भूमिका पटते. वरच्या माझ्या गणितात सगळे विद्यार्थी सारखे धरले होते, प्रत्यक्षात ते तसे नसतात.

चुकांबद्दलही थोडं सांगायलाच हवं, कारण इंग्रजीची भीती म्हटली की आपल्या पोटात गोळा चुकांचाच येतो. न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने १९७० मध्ये सगळ्यांना दार उघडलं, तेव्हा तिथल्या सिटी कॉलेजमध्ये (हे चार वर्षांचं कॉलेज) मीना शॉनेसी नावाच्या शिक्षिका होत्या. नाव वाचून फसू नका, त्या अमेरिकनच. त्यांनी नव्या मुलांचे सुमारे चार हजार निबंध घेऊन त्यांतल्या चुकांची वर्गवारी केली आणि १९७७ मध्ये ‘एरर्स अँड एक्स्पेक्टेशन्स’ हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं, चुका आळसाने किंवा बुद्धी कमी म्हणून होत नाहीत, चुकांमागे मुलाने स्वतःच बांधलेला एक नियम असतो. मेट्रॉलॉजीच्या भाषेत, हा रँडम एरर नाही, सिस्टिमॅटिक आहे. व्हर्नियरला झिरो एरर असेल तर आपण व्हर्नियर फेकून देत नाही, एरर किती ते शोधून वजा करतो. आपण ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ म्हणतो किंवा ‘द’ कुठे घालायचा तिथे अडखळतो, कारण मराठीत ‘द’ला जोडीदारच नाही. हे शिक्षकाला माहीत असेल तर तो मार्क कापून थांबणार नाही, एकदाच नियम दाखवेल आणि पन्नास चुका एकदम जातील. कम्युनिटी कॉलेजांतल्या शिक्षकांच्या दोन पिढ्यांवर या पुस्तकाचा प्रभाव आहे.

संघटनेचे काही उद्योग गमतीचेही आहेत. सिनेमात, मालिकांत, वर्तमानपत्रांत दोन वर्षांच्या कॉलेजाची टिंगल ही तिथली ठरलेली गोष्ट. ‘कुठेच नाही मिळालं तर जा तिकडे!’ टायकाने यावर कीर्ती आणि अपकीर्ती अशी दोन बक्षिसं काढली. चांगलं चित्र रंगवणाऱ्याला ‘फेम’, वाईट रंगवणाऱ्याला ‘शेम’. डिप्लोमावाल्यांनी आपल्या गॅदरिंगला अशी बक्षिसं ठेवायला हरकत नाही. शेमसाठी आपल्याच वर्गातून भरपूर एन्ट्र्या येतील!

राहता राहिला पैशाचा आणि माणसांचा प्रश्न, आणि इथे संघटनेचे हात तोकडे पडतात. कम्युनिटी कॉलेजांतले साधारण दोन तृतीयांश शिक्षक पार्टटाइम असतात. वर्गागणिक पैसे, पुढच्या सेमिस्टरची खात्री नाही, बहुतेकांना विमा नाही, बसायला टेबल मिळालं तर नशीब. आपल्याकडे सी.एच.बी.वर, म्हणजे तासिका तत्त्वावर शिकवणारे सर-मॅडम ज्यांनी बघितलेत त्यांना आणखी सांगायला नको. एका कॉलेजातून दुसऱ्या कॉलेजात गाडी हाणत फिरणाऱ्या या मंडळींना तिकडे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. माझी ताई त्यांतलीच एक. विभागीय परिषदेला ती एकदा गेली, ते स्वतःच्या खर्चाने, कारण पार्टटाइमवाल्यांना प्रवासखर्च मिळत नाही. आता त्यात चॅटजीपीटीची भर. समोरचा निबंध पोराने लिहिलाय की मशीनने, हे ठरवण्यात तिची ती वीस मिनिटं कधीच उलटून जातात. फोर सीज आणि मॉडर्न लँग्वेज असोसिएशनच्या संयुक्त गटाने २०२३ मध्ये यावर पहिला मसुदा काढला, पण वेळ त्यातून थोडाच मिळणार?

टायका ही युनियन नाही. ती संप करत नाही, पगाराच्या वाटाघाटी करत नाही. ती कागद तयार करते. २०१९ मध्ये तिने शिक्षकांच्या कामाच्या ओझ्याची पाहणी केली, हजाराहून जास्त जणांनी उत्तरं दिली आणि त्यावर एकामागून एक टिपणं काढली. फोर सीजचं जुनं धोरण आहे की लेखनाच्या वर्गात २० पेक्षा जास्त विद्यार्थी नसावेत आणि एका शिक्षकाकडे सेमिस्टरला ६० पेक्षा जास्त नसावेत. वरच्या हिशेबातले १२५ आठवा. हे धोरण कुणावर बंधनकारक नाही. पण डीनच्या टेबलावर ‘आम्हाला जड जातंय’ असं तोंडी सांगणं वेगळं आणि देशभरचे आकडे ठेवणं वेगळं.

ताई शिकवते त्या दोन कॉलेजांपैकी एकात गेल्या वर्षी वर्गाची मर्यादा २५ वरून २२ वर आली. विभागातल्या लोकांनी डीनसमोर जे कागद ठेवले होते त्यांत हे सगळे होते. तीन मुलं कमी म्हणजे प्रत्येक निबंधाच्या फेरीला, प्रत्येक वर्गामागे, बरोबर एक तास वाचतो. दुसऱ्या कॉलेजात मर्यादा अजून २५ च आहे.